अस्वल आणि काडतूस



अस्वल म्हटलें कीं एके काळीं आपल्याकडील मुलांच्या डोळ्यांपुढें दरवेश्याच्या दोरीला बांधलेलें केविलवाणें जनावर उभें राहत असे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला मात्र मोहाच्या झाडाखालीं अवचित गांठ पडलेलें अस्वल आठवतें, आणि त्याच्या अंगावर कांटा येतो. परंतु मी आज ज्या अस्वलांविषयीं बोलणार आहें तीं याहून कितीतरी मोठीं. उत्तर अमेरिकेंतील ग्रिझली आणि अलास्काच्या किनाऱ्यावरील तपकिरी अस्वल हीं तीं होत. कोडिॲक बेटावरील थोराड नर १,५०० पौंडांपर्यंत भरतो. असें जनावर मारण्यास कोणतें काडतूस योग्य, या प्रश्नानें शिकाऱ्यांना दीडशें वर्षें सतावलें. त्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असा माझा विचार आहे.

आरंभीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. बंदुकीच्या गोळीचें वजन ग्रेनमध्यें सांगतात, आणि आपला एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. म्हणजे ही सारी गोष्ट तोळ्या-दीड तोळ्याच्या शिशाचीच आहे.

१८०५ सालीं लुइस आणि क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीनें पश्चिमेकडे चालली होती. तेथील मूळ रहिवाशांनीं त्यांना या अस्वलाविषयीं बजावलें होतें. ते स्वतः सहा, आठ, दहा जण मिळून त्याच्यावर चालून जात. २९ एप्रिल रोजीं लुइसनें एक ग्रिझली मारलें आणि त्याला वाटलें, उत्तम बंदूक हातीं असलेल्या नेमबाजाला यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. हा भ्रम आठवडाभरही टिकला नाहीं. ५ मे रोजीं क्लार्क आणि एक शिकारी यांनीं एका प्रचंड अस्वलावर दहा गोळ्या घातल्या. त्यांपैकीं पांच फुप्फुसांतून गेल्या होत्या. तरी तें अर्धीअधिक नदी पोहून वाळूच्या बेटावर पोंचलें, आणि त्याचा प्राण जाण्यास निदान वीस मिनिटें लागलीं. पुढें जूनमध्यें खुद्द लुइसच बंदूक पुन्हां भरावयास विसरला, नेमकें त्याच वेळीं अस्वल अंगावर आलें, आणि त्याला पाण्यांत शिरावें लागलें.

दोष नेमबाजांचा नव्हता. ठासणीची बंदूक एका वेळीं एकच गोळी उडवी, आणि गोल गोळी हाडामांसांत लवकर अडे. धांवतें ग्रिझली पन्नास यार्डांचें अंतर तीनएक सेकंदांत तोडतें. तेवढ्या वेळांत दारूचें शिंगसुद्धां हातांत येत नाहीं.

१८७३ सालीं अमेरिकन सैन्यानें .४५-७० हें काडतूस स्वीकारलें. यांतील पहिला आंकडा नळीच्या व्यासाचा, म्हणजे इंचाच्या शंभरांश भागांत ४५; आणि दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा, ७० ग्रेन. गोळी ४०५ ग्रेनांची, म्हणजे सव्वादोन तोळ्यांची, आणि लांबट. तिचा वेग सेकंदाला सुमारें १,३५० फूट, म्हणजे बेताचाच. परंतु ती खोल जाई. १८८६ च्या विंचेस्टर रायफलींत अशीं काडतुसें एकामागून एक झाडतां येऊं लागलीं. शिकाऱ्याच्या हातीं दुसरी संधि आली ती तेव्हां.

त्याच सुमारास फ्रान्समध्यें बिनधुराची दारू निघाली. गोळ्या बारीक झाल्या, वेग वाढला, आणि शिसें वितळूं नये म्हणून त्यावर कठीण धातूचें कवच आलें. १९०६ चें .३०-०६ हें त्याच वंशांतलें. यांतील ‘०६’ म्हणजे सालच. सैन्याची १५० ग्रेनांची टोकदार गोळी सेकंदाला २,७०० फूट जाई. परंतु वेग म्हणजे सर्वस्व नव्हे, हें अस्वलानें शिकवलें. हलकी, वेगवान आणि मऊ गोळी खांद्याच्या जाड हाडावर फुटते, आणि आंत पोंचण्यापूर्वींच तिच्या ठिकऱ्या होतात. म्हणून जाणते शिकारी त्याच काडतुसांत २२० ग्रेनांची, सव्वा तोळ्याच्या आसपासची, संथ गोळी पसंत करीत.

१९१२ सालीं इंग्लंडांत हॉलंड अँड हॉलंड यांनीं .३७५ मॅग्नम काढलें. ३०० ग्रेनांची गोळी, वेग सुमारें २,५०० फूट, आणि शक्ति ४,००० फूट-पौंडांहून अधिक, म्हणजे जुन्या.४५-७० च्या अडीचपट. तें मुख्यतः आफ्रिकेसाठीं होतें, परंतु अलास्कांत त्याचा जम बसला. १९५८ सालीं विंचेस्टरचें .३३८ त्याच्या शेजारीं येऊन बसलें. १९८३ सालीं अमेरिकन वनखात्याच्या दोघां संशोधकांनीं अलास्कांतील कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठीं जवळच्या पल्ल्यावर गोळ्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. तिचा कौलही जड गोळीकडेच झुकला.

मग सर्वांत मोठें काडतूस तेंच सर्वांत उत्तम काय? तसेंही नाहीं. त्याचा धक्का खांद्याला सोसला नाहीं, तर चाप ओढतांना डोळा मिटतो आणि नेम चुकतो. याच्या उलट १९५३ सालीं कॅनडांतील क्री जमातीच्या बेला ट्विन या बाईनें पाव तोळ्याहूनही कमी वजनाच्या .२२ गोळ्यांनीं एक मोठें ग्रिझली लोळविलें. परंतु तिनें तें काडतूस निवडलें नव्हतें. अस्वल अगदीं जवळ आलें आणि हातीं तेवढीच बंदूक होती. तिच्या धैर्याला मान द्यावा, मात्र त्यावरून नियम बांधूं नये. दुबळ्या काडतुसाची किंमत बहुधा दोघे भरतात: जखमी होऊन झुडपांत कण्हत पडलेलें जनावर, आणि त्याच्या मागावर जाणारा माणूस.

या इतिहासाची अखेर मात्र विचार करण्यासारखी आहे. काडतूस सुधारत गेलें तसतशीं अस्वलें कमी झालीं. सापळे, विष आणि गेलेलें रान यांचाही त्यांत वांटा होता. कॅलिफोर्नियानें १९११ सालीं ग्रिझलीचें चित्र आपल्या निशाणावर कायद्यानें घेतलें. तेथील अखेरचें ज्ञात ग्रिझली १९२२ सालीं मारलें गेलें. निशाण राहिलें, जनावर गेलें. पुढें १९७५ सालीं अलास्काखेरीजच्या मुख्य अमेरिकेंत ग्रिझलीला कायद्याचें संरक्षण मिळालें. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अस्वलाची शिकार बंद झाली आहे.

लुइसच्या काळीं प्रश्न होता, अस्वल कसें पडेल? काडतुसानें त्याचें उत्तर पुरतें दिलें. अस्वल कसें उरेल, या प्रश्नाचें उत्तर मात्र कोणत्याही कारखान्यांत ओतलें जात नाहीं. तें माणसाच्या संयमांतूनच यावयाचें.