खिडकीतला डोंगल

१९७० साली सिडको निघाली. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या त्यात आमचं कामोठं. भाताची खाचरं गेली. नोटिशीचा कागद आमचा बा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा.

मुंबई भागात अकरावीचे फॉर्म २००९ पासून ऑनलाइन झाले. २०११ ला धाकटी दहावी पास झाली. घरात टेलिफोनची वायर नव्हती, म्हणून डोंगल आणला. बोटाएवढी वस्तू, पोटात सिमकार्ड सरकवायचं. मेव्हण्याच्या जुन्या लॅपटॉपला खोचला, पण नेट काही लागेना. दुकानदार फोनवर म्हणाला, "एपीएन भरा." म्हणजे कंपनीच्या नेटात शिरायच्या दरवाजाचं नाव. एवढं विकतानाच सांगायला काय झालं होतं! ते भरलं, लागलं; पण दिवा हिरवा, पान अर्ध्यात अडायचं. मग लांब यूएसबी वायर आणून डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. समोर मोबाइलचा टॉवर, आमच्याच जुन्या खाचरात उभा. दिवा निळा झाला. थ्रीजी आलं!

"बाबा, हलवू नका."

मी गज धरून उभा. फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, "प्रकल्पग्रस्त आहोत का आपण?"

"आहोत. दाखला पेटीत आहे, बाच्या कागदांत."