लंडन–पॅरिस : हवाई अंतर व प्रवासकाळ

ब्रिटन व फ्रान्स यांच्या राजधान्यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३४४ किमी. आहे. हीथ्रो ते शार्ल द गोल हे विमानतळांमधील अंतरही जवळजवळ तेवढेच, म्हणजे सुमारे ३४८ किमी. भरते. रेल्वेमार्ग मात्र ४९२ किमी. लांबीचा आहे, कारण इंग्लिश खाडीखालचा बोगदा फोकस्टन व कॅले या गावांजवळ असल्याने गाडीला पूर्वेकडून वळसा घ्यावा लागतो.

विमान प्रत्यक्षात पाऊण तास ते पन्नास मिनिटेच हवेत असते. वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ दाखवतात. ही वेळ विमान फाटकावरून हलल्यापासून दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, उड्डाणाच्या रांगेतील खोळंबा आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या असे सगळे तिच्यात धरलेले असते. एवढ्या कमी अंतरात विमान पुरेशी उंची गाठते न गाठते तोच उतरू लागते. त्यामुळे त्याच्या वेगाचा फारसा लाभ मिळत नाही.

या मार्गावरील दैनंदिन विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ रोजी सुरू झाली. हाउन्स्लो हीथवरून निघालेले डी हॅविलंड बनावटीचे विमान सुमारे अडीच तासांत ल बुर्जेला पोहोचले. त्यात प्रवासी एकच होता. सोबत वर्तमानपत्रे, चामडे, डेव्हनशरची साय आणि शिकारीचे पक्षी असा माल होता. तेव्हाचे वैमानिक खालचे रस्ते व रूळ पाहून वाट काढत. ७ एप्रिल १९२२ रोजी पिकार्डीत धुक्यामध्ये समोरासमोर आलेल्या दोन विमानांची टक्कर होऊन सात जण दगावले. प्रवासी विमानांची हवेत झालेली ही पहिली टक्कर मानली जाते.

१४ नोव्हेंबर १९९४ रोजी युरोस्टार गाडी सुरू झाली, तेव्हा तिला सुमारे तीन तास लागत. २००७ मध्ये इंग्लंडमधील द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर प्रवास सव्वादोन तासांवर आला. कागदावर विमान अजूनही पुढे दिसते. पण हीथ्रो लंडनच्या मध्यापासून पश्चिमेला वीसेक किमी.वर, तर शार्ल द गोल पॅरिसच्या ईशान्येला पंचवीसेक किमी.वर आहे. गाडी सेंट पँक्रसहून निघून थेट गार द्यु नॉरला, म्हणजे शहरातच उतरवते. पासपोर्ट तपासणी दोन्हीकडे आहेच. गाडीसाठी मात्र दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या स्थानकावरच उरकते. घरापासून घरापर्यंतचा हिशेब केला, तर विमानाची आघाडी बहुधा उरत नाही आणि या दोन शहरांपुरताच प्रवास असलेले बहुतेक लोक गाडीच पसंत करतात. पुढे दुसरे विमान पकडायचे असेल, तर गोष्ट वेगळी.

पॅरिसचे घड्याळ वर्षभर लंडनच्या एक तास पुढे असते. त्यामुळे लंडनहून सकाळी ९ वाजता निघून सव्वा तासाने पोहोचणारे विमान वेळापत्रकात ११.१५ला उतरते, परतीचे ९ वाजता सुटून ९.१५ला पोहोचलेले दिसते.