भाकरी, भात आणि रक्तातील साखर : एका निर्देशांकाचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर हे गाव आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे इथेही कुणाला मधुमेह झाल्याचे कळले की सल्ले सुरू होतात. ‘भात सोडा, बटाटा सोडा, ज्वारीची भाकरी खा, म्हणजे शुगर वाढणार नाही.’ यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे. दुसरा भाग मात्र वाटतो तितका सरळ नाही. तो का सरळ नाही हे समजायचे असेल तर गेल्या पन्नास वर्षांतील आहारशास्त्राचा थोडा इतिहास पाहायला हवा.

कर्बोदकांचे दोन गट आपण शाळेत शिकवतो. ग्लुकोज व साखर यांचे रेणू लहान, म्हणून ती साधी कर्बोदके. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी, म्हणून ते जटिल कर्बोदक. यावरून एक तर्क निघाला. साखळी तुटायला वेळ लागणार, म्हणून स्टार्चने रक्तातील ग्लुकोज हळू वाढणार आणि साखरेने झपाट्याने. हा तर्क इतका स्वाभाविक वाटत होता की कित्येक दशके कुणी तो नीट तपासलाच नाही. १९५० साली अमेरिकेत मधुमेहींसाठी पदार्थांच्या अदलाबदलीच्या याद्या तयार झाल्या. त्यांत पावाचा एक तुकडा आणि ठरावीक भात किंवा बटाटा हे एकाच मापाचे धरले होते. कर्बोदकाचे वजन सारखे म्हणजे परिणामही सारखा, असे त्यामागे गृहीत होते.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिस क्रॅपो, जेराल्ड रीव्हन आणि जेरॉल्ड ओलेफ्स्की यांनी हे गृहीत प्रयोगाने तपासले. त्यांनी माणसांना सारख्याच वजनाचे कर्बोदक निरनिराळ्या पदार्थांतून खायला दिले आणि ठरावीक वेळाने रक्त तपासले. बटाट्याने रक्तातील ग्लुकोज जवळजवळ शुद्ध ग्लुकोजइतकेच वाढले. भात आणि मका यांनी ते त्याहून कमी वाढले. सगळे पदार्थ ‘जटिल’ असूनही त्यांची वागणूक वेगवेगळी निघाली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड जेंकिन्स हे तरुण वैद्यकीय संशोधक आहारातील चोथ्याचा अभ्यास करत होते. त्यांनी वापरलेला एक पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक, ग्वार गम. जेवणात हा चिकट डिंक मिसळला की जेवणानंतरची ग्लुकोज आणि इन्सुलिनची वाढ कमी होते, हे १९७७ साली प्रसिद्ध झाले. अन्न घट्ट आणि चिकट असेल तर त्यातील ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचते. म्हणजे रेणू कोणता एवढेच नव्हे, तर तो कोणत्या रूपात पोटात जातो हेही महत्त्वाचे ठरले.

पुढे जेंकिन्स कॅनडातील टोरांटो विद्यापीठात गेले. याच विद्यापीठात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले होते. त्यानंतर बरोबर साठ वर्षांनी, १९८१ साली, जेंकिन्स, टॉमस वोलेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही कल्पना मांडली. रीत सोपी होती. उपाशीपोटी आलेल्या निरोगी माणसाला ५० ग्रॅम ग्लुकोज द्यायचे. पुढचे दोन तास ठरावीक अंतराने रक्तातील ग्लुकोज मोजून आलेख काढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला ५० ग्रॅम पचणारे कर्बोदक असलेला पदार्थ देऊन तसाच आलेख काढायचा. पदार्थाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ ग्लुकोजच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के, तो त्याचा निर्देशांक. आज ५५ किंवा कमी हा निम्न, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० किंवा अधिक हा उच्च निर्देशांक मानतात.

पहिल्या यादीत ६२ पदार्थ होते. साखरेचा निर्देशांक ५९, तर पांढऱ्या पावाचा ६९ आला. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पावाचा तर ७२. स्टार्च साखरेच्या पुढे गेला होता, आणि ‘अख्ख्या धान्याचे पीठ म्हणजे हळू पचणारे’ ही समजूतही टिकली नाही. सर्वांत खाली कडधान्ये होती. त्यांच्या गटाची सरासरी केवळ ३१, त्यात हरभरा ३६ आणि मसूर २९.

हा फरक कशामुळे पडतो? स्टार्च दोन प्रकारचा असतो. अमायलोजची साखळी सरळ असते. तिचे धागे एकमेकांना घट्ट बिलगतात आणि पाचक विकराला आत शिरायला जागा कमी मिळते. अमायलोपेक्टिन फांद्यांचे असते, त्यामुळे विकराला अनेक टोके सापडतात. कडधान्यांत अमायलोजचे प्रमाण जास्त असते आणि त्यांच्या पेशीभित्तिका शिजल्यावरही बऱ्याच अंशी टिकून राहतात. तांदळाच्या जातींतही असाच भेद आहे. २३५ जाती तपासणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निर्देशांक ४८ पासून ९२ पर्यंत आढळला. तेव्हा ‘भात’ हे एकाच पदार्थाचे नाव मानता येत नाही.

दुसरे कारण शिजवण्याचे. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगतात, फुटतात आणि विकरांना खुले होतात. तिसरे कारण दळण्याचे. ब्रिस्टल येथील हीटन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले, की गहू किंवा मका अख्खा, भरडलेला आणि बारीक दळलेला खाल्ला तर कण जितका बारीक तितकी इन्सुलिनची वाढ अधिक.

आता भाकरीकडे येऊ. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ बांधले जावे यासाठी आपल्याकडे ते गरम पाण्यात मळतात. त्यामुळे स्टार्च थोडा आधीच फुगतो, मग भाकरी तव्यावर आणि आरावर भाजली जाते. म्हणजे बारीक पीठ, पाणी आणि उष्णता या तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात उलियार मणी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास भारतीय पदार्थांचे निर्देशांक मोजले. ज्वारीच्या भाकरीचा सुमारे ७७ आला, बाजरीच्या भाकरीचा ६० च्या खाली, आणि नाचणीचा १०० च्या वर. हैदराबाद येथे २०१५ साली झालेल्या अभ्यासात मात्र ज्वारीचे पदार्थ त्याच प्रकारच्या गव्हाच्या व तांदळाच्या पदार्थांपेक्षा खाली आढळले. जात, दळण, कृती आणि तपासलेली माणसे बदलली की आकडा बदलतो. म्हणून ज्वारी चांगली की वाईट असा निकाल एका आकड्यावरून देता येत नाही.

या निर्देशांकावर सुरुवातीपासून आक्षेप आले आणि त्यांतील काही रास्त होते. पहिल्या यादीत गाजराचा निर्देशांक ९२ होता. नंतरच्या मोजमापांत तो बराच खाली आला. पण तोवर ‘गाजर मधुमेहींना वर्ज्य’ ही समजूत जगभर पसरली होती. शिवाय ५० ग्रॅम कर्बोदक मिळवायला पाऊण किलोच्या आसपास गाजरे खावी लागतील! प्रमाणाचा हा प्रश्न सोडवण्यासाठी १९९७ साली हार्वर्ड येथील संशोधकांनी ‘ग्लायसेमिक लोड’, म्हणजे शर्कराभार, ही कल्पना वापरली. ६५,१७३ परिचारिकांच्या सहा वर्षांच्या पाहणीत तिचा मधुमेहाशी संबंध आढळला. हा भार काढण्याची रीत सोपी आहे. निर्देशांकाला पदार्थातील कर्बोदकाच्या ग्रॅमांनी गुणायचे आणि शंभराने भागायचे.

हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. कलिंगडाचा निर्देशांक सुमारे ७२, पण १०० ग्रॅम फोडीत कर्बोदक सुमारे ७ ग्रॅम, म्हणून भार ५. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदक सुमारे ७० ग्रॅम असते. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ते ३५ ग्रॅम येते आणि ७७ हा निर्देशांक धरला तर भार २७ होतो. तीन भाकऱ्यांचा ८१. निर्देशांक सारखा असूनही ताटावरचा परिणाम किती वेगळा पडतो हे मुलांच्या लगेच लक्षात येते.

आपल्या भागात या गणिताला विशेष महत्त्व आहे. १९६४ साली देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण सीएसएच-१ आले आणि मराठवाड्याची खरीप ज्वारी वाढली. पुढे सोयाबीनने तिची जागा घेतली. १९७०च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती. २०२० च्या आसपास ती सुमारे ४० लाखांवर आली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले आणि शेतातले कष्टही यंत्राने कमी केले. तीन भाकऱ्या खाऊन दिवसभर खुरपणी करणाऱ्याचे स्नायू रक्तातील ग्लुकोज वापरून टाकत. बसून काम करणाऱ्याच्या शरीरात त्याच तीन भाकऱ्यांचे काय होईल?

याच्या जोडीला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम पाहावे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासातून असे दिसले, की आपली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. मात्र आपल्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त अशा शरीराला ग्लुकोज सांभाळणे अवघड जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, असेही त्याच पाहणीच्या आहारविषयक भागातून दिसले.

मग ताटात काय वाढावे? ज्वारी टाकून देण्याचे काहीच कारण नाही. तिच्यात चोथा आहे, लोह आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाणही दिले आहे. पण तीनऐवजी दीड भाकरी घ्यावी, आणि उरलेली जागा घट्ट वरण, मटकीची उसळ, हरभऱ्याची भाजी, मेथी, ताक यांनी भरावी. बारीक पिठाऐवजी अधूनमधून ज्वारीच्या कण्या किंवा घुगऱ्या कराव्यात. मात्र जे इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात त्यांनी आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण कर्बोदक अचानक कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. एक चमचा ज्वारीचे पीठ कपभर पाण्यात कालवा. निम्मे उकळून कोमट होऊ द्या, निम्मे कच्चेच ठेवा. दोन्हींतून सारखे थोडे मिश्रण घेऊन एकाच विद्यार्थ्याने त्यांत आपली थोडी लाळ मिसळावी. दर दोन मिनिटांनी ढवळून एकेक थेंब बशीत घ्या आणि त्यावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. शिजवलेल्या पिठाचा निळा रंग आधी जांभळा, मग तांबूस होऊन फिकट होत जाईल. कच्च्या पिठाचा बराच वेळ निळाच राहील. दोन्हीकडे स्टार्च एकच आहे, मग वेग वेगळा का, हा प्रश्न मुलांनी विचारला की धडा पुढे न्यायला शिक्षकांना फारसे कष्ट पडणार नाहीत.