तेवीस गोष्टी आणि एक नोंदवही

22 जुलै 2021 रोजी सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पूर ओसरल्यावर काही दिवसांनी मी लहानपणीच्या वाचनालयात गेलो, तेव्हा ग्रंथपाल काकू दाखल नोंदवहीची पानं सुटी करून दोरीवर वाळत घालत होत्या. "पुस्तकं परत घेता येतील रे, पण आपल्याकडे काय काय होतं ते या वहीलाच ठाऊक." मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे तोंडून निघून गेलं, "काकू, याचे नुसते फोटो काढून ठेवले असते तरी..." पोलादपूरहून रोज एसटीने येणाऱ्या काकूंनी मान वर न करता विचारलं, "शिकवलं कोणी?"

या प्रश्नाला इतिहास आहे.

2006 साली अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी 'तेवीस गोष्टी' नावाचा उपक्रम आखला. ब्लॉग सुरू करा, फ्लिकरवर फोटो चढवा, विकीत भर घाला, पॉडकास्ट शोधा, अशा तेवीस छोट्या गोष्टी होत्या. प्रत्येकाने त्या आपापल्या गतीने करायच्या आणि पूर्ण करणाऱ्याला एक एमपी3 प्लेअर मिळायचा. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी ही यादी उचलली. त्यातली काही संकेतस्थळं आज कोणी उघडतही नाही. टिकली ती त्यामागची कल्पना: नवं साधन हाताळून बघणं, त्यात चुका करणं हा कामाचाच भाग आहे आणि त्यासाठी कामातला वेळ द्यायला हवा.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. बॉर्डनने 1911 साली ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. एका ग्रंथालयातला अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचं त्या काळचं साधन ते. संस्थानाने पुस्तकं घेतली, तशी ती हाताळणारी माणसंही घडवली.

बॉर्डन 1913 साली परतला. त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. तो तरुण पुढे महाडला आला.

मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव 1923 साली मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. तरीही डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागोमाग हजारोंनी ओंजळीत पाणी घेतलं ते 20 मार्च 1927 रोजी. हा हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हायला 1937 उजाडलं. तो माणूसपणाचा लढा होता, त्याच्या शेजारी संगणकाचा प्रश्न मांडायला मलाच संकोच वाटतो. पण महाडमध्ये वाढलेल्या माणसाला एक गोष्ट विसरता येत नाही: 'खुलं आहे' असं कागदावर लिहिणं आणि ते प्रत्यक्ष हाती येणं यांत बरीच वर्षं जाऊ शकतात.

ग्रंथालयांचंही असंच काहीसं झालं. महाराष्ट्राने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान आलं. पण कायद्यात ग्रंथालय कर नाही, त्यामुळे सगळी भिस्त अनुदानावर. 'ड' वर्गाच्या वाचनालयात माणूस एकच. देवघेव, वर्गणी, अनुदानाचे कागद आणि कधीकधी झाडूसुद्धा त्याच्याच हाती. शार्लटमध्ये एक जण शिकत असताना दुसरा काउंटर सांभाळत असे. इथे ग्रंथपाल प्रशिक्षणाला गेला तर दाराला कुलूप लागतं.

वाचनालयाला साधनांची गरज नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे आणि तालुक्यातलं उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांच्याविषयी विचारायला येणाऱ्या मुलांना कुठलं पुस्तक, कुठलं कात्रण द्यायचं ते काकूंना तोंडपाठ. ती माहिती मराठी विकिपीडियावर जायला हवी, वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरायला हवी. नाहीतर एक दिवस काकू निवृत्त होतील आणि नोंदवहीसारखीच तीही पुसट होईल. आठवड्यातले दोन तास वाचनालय बंद ठेवून शिकायला अधिकृत मुभा मिळाली, तरी सुरुवात होईल.

त्या दुपारी मी काकूंच्याच फोनवर वाळलेल्या पानांचे फोटो काढायला लागलो. दहा-बारा पानं झाली असतील. काकूंनी हात पुढे केला. "दे इकडे. तू पानं धर." पहिले दोन फोटो हलले. तिसऱ्यात शाई स्पष्ट दिसत होती.