एका रबरी चकतीची बखर

जीपगाडीचा इतिहास सांगावयास बसलो की ऐकणारे इंजिनाविषयी विचारतात, लढाईविषयी विचारतात, फार तर ती चिखलातून कशी निघते हे विचारतात. गाडीचा वरचा पत्र्याचा डबा खालच्या लोखंडी सांगाड्यावर कशाच्या आधाराने बसवलेला असतो, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. पण बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये दडपून बसलेल्या त्या काळ्या रबरी चकत्यांना कोणी हळदकुंकवाचे बोट लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी इतिहासाचा मास्तर. राजांपेक्षा त्यांच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांत माझे मन अधिक रमते. म्हणून यंदा चकली-कडबोळ्यांच्या जोडीला ही एका चकतीची बखर वाचकांपुढे ठेवीत आहे.

माणूस चाकावर बसून प्रवास करू लागला त्या दिवसापासून त्याच्यापुढे एक प्रश्न उभा आहे : उशी कोठे ठेवावी? रस्ता हिसके देणार, हे ठरलेलेच. ते हिसके हाडापर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये काहीतरी मऊ हवे. पण मध्ये म्हणजे नेमके कोठे? वाहनांचा सारा इतिहास म्हणजे ह्या उशीच्या स्थलांतराचा इतिहास आहे, असे मला वाटते.

आपल्या बैलगाडीने ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. साटा कण्यावर, कणा चाकांत, चाकावर लोखंडी धाव. मऊ असे कोठे काही नाही. माहेरवाशिणीला आणावयाचे झाले की साट्यात कडब्याच्या पेंढ्या पसरायच्या, त्यावर घोंगडी आणि घोंगडीवर वाकळ. उशी माणसाच्या खाली. पालखीतल्या बड्या लोकांची उशी गादीहूनही अधिक भोयांच्या खांद्यांत आणि गुडघ्यांत होती. ती माणसाची उशी असल्यामुळे तिचा हिशेब कोणी ठेवला नाही, इतकेच.

युरोपात पंधराव्या शतकात हंगेरीतल्या कोच नावाच्या खेड्यातले कारागीर हलक्या प्रवासी गाड्यांसाठी प्रसिद्ध झाले. ह्या गावाचेच नाव निरनिराळ्या भाषांतून फिरत इंग्रजीत ‘कोच’ झाले आणि आपल्या मुंबईच्या घोडागाडीवर ‘कोचमन’ होऊन बसले. पुढे युरोपातल्या कारागिरांनी प्रवासी बसण्याचा डबा कातडी पट्ट्यांवर टांगावयास सुरुवात केली. उशी माणसाच्या खालून निघून डब्याच्या खाली गेली. अमेरिकेतल्या काँकर्ड गावी १८२७ सालापासून ज्या नामांकित टपालगाड्या बनू लागल्या, त्यांचा डबाही जाड कातडी पट्ट्यांच्या थरांवर पाळण्यासारखा झुलत असे. तत्पूर्वी १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबाडाया इलियट ह्या गाडी बनवणाऱ्याने पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानी बसवल्या होत्या. आजही मालमोटारीच्या पोटाखाली जे पाटे दिसतात, ते त्या कमानींचेच वंशज.

मग मोटार आली आणि एक नवीन भांडण घेऊन आली. सुरुवातीच्या मोटारींची चॅसी शिडीसारखी असे : दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. शिडी एका कोपऱ्यात उचलली तर ती किंचित पिळवटते. खड्ड्यात एक चाक गेले की चॅसीही तशीच पिळवटते. पिळवटते म्हणूनच तुटत नाही. पण वरची बॉडी ही पेटी. पेटीला पीळ सोसत नाही. तिचे सांधे कुरकुरतात, दारे अडकतात, पत्रा तडकतो. वाकणे हा एकीचा स्वभाव आणि न वाकणे हा दुसरीचा; अशा दोघींना एकाच बोल्टने बांधून संसार करावयास लावले, तर रोज खडखडाट होणारच.

१९२० नंतरच्या दशकात शार्ल वेमान ह्याने एक तोड काढली. बॉडीच मऊ करावयाची! लाकडी सांगाड्याचे तुकडे एकमेकांना टेकणार नाहीत अशा बेताने धातूच्या पट्ट्यांनी जोडावयाचे आणि वरून कापड ताणावयाचे. काही वर्षे अशा गाड्यांची चलती होती. पण सबंध पोलादाच्या बॉडीचा जमाना आला आणि पोलादाला कापडाचा नरमपणा येईना. मग उशीचे स्थलांतर पुन्हा झाले. ह्या खेपेस ती चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये येऊन बसली. १९३१ साली प्लिमथ मोटारीचे इंजिन रबराच्या बैठकीवर बसवून त्याची थरथर गिळून टाकण्याची युक्ती गाजली. रबर लोखंडांच्या मध्ये राहून नोकरी करू शकते, अशी ग्वाहीच तिने दिली.

ह्या रबराची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडाचा हा चीक. उन्हाळ्यात चिकट व्हावा, थंडीत ठिसूळ. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या संयोगाने त्याला स्थिर केले, १८४४ साली पेटंट मिळवले आणि १८६० साली कर्जबाजारी अवस्थेतच डोळे मिटले. त्याच्या नावाची टायरची कंपनी पुढे १८९८ साली निघाली. तिचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. १८७६ साली हेन्री विकमने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतून उगवलेली रोपे सिलोनमार्गे पूर्वेकडे पसरली. केरळात पेरियारच्या काठी थट्टेकाड येथे १९०२ साली रबराचा पहिला व्यापारी मळा लागला.

ह्याच झाडाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला घाम फोडला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मलायाचे मळे जपानकडे गेले आणि जगातल्या नैसर्गिक रबराचा बहुतेक सारा पुरवठा दोस्तांच्या हातून निसटला. अमेरिकेत लोकांकडून जुनी टायरे, रेनकोट, बागेतल्या नळ्या गोळा केल्या गेल्या. मोटारींना तासाला ३५ मैलांची मर्यादा घातली गेली आणि पेट्रोलचे रेशनिंग झाले. तेही मुख्यतः टायर झिजू नयेत म्हणून. कृत्रिम रबराचे कारखाने घाईने उभे राहिले ते तेव्हाच.

जीपचा जन्म ह्या टंचाईच्या थोडा आधीचा. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना हलक्या टेहळणी गाडीसाठी बोलावणे धाडले. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम ह्या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याकडून आराखडा करवून २३ सप्टेंबर रोजी, मुदत संपण्यास थोडा अवकाश असताना, पहिली गाडी हजर केली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून लढाईच्या काळात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्या जीपच्या फरशीखालच्या पोलादी पन्हळीत मजबुतीसाठी लाकडी पट्टी भरलेली असे. लढाईपुरते ते चांगलेच होते. पण लाकूड पाणी धरून ठेवी आणि पुढे वर्षानुवर्षे आतून पोलाद गंजवी. शत्रूच्या गोळीतून वाचलेल्या किती जीपा ह्या घरभेद्या ओलीने खाल्ल्या असतील!

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड मोहमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. तिचे एक संस्थापक गुलाम मोहमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव बदलले आणि १९४९ साली मुंबईच्या माझगावात सुट्या भागांतून विलीज जीपा जोडल्या जाऊ लागल्या. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ अमेरिकेत १९५३ साली आली आणि १९६८ साली बंद झाली. पण आपल्याकडे तिचे घराणे त्यानंतरही कित्येक दशके नांदले. गटविकास अधिकाऱ्याची जीप, लसी घेऊन पाड्यावर जाणारी जीप, निवडणुकीत कर्णा बांधून फिरणारी जीप, आणि सातारा-कोल्हापूरकडे दारात लोंबकळणारी माणसे घेऊन धावणारे ‘वडाप’. महाराष्ट्राच्या खेड्याने पहिला सरकारी माणूस पाहिला तो बहुधा जीपमधून उतरताना.

ह्या बखरीत आमच्या घरचाही एक अध्याय आहे. शेतावर एक जुनी जीप आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी ती घेतली. घरच्या आणि भावकीतल्या किती बाळंतिणी तिने रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवल्या, त्याची मोजदाद नाही. बंधू गेले आणि दोन वर्षांपूर्वी जीपही कुरकुरू लागली. दार दोन्ही हातांनी उचलून ढकलावे तेव्हा कोठे खटका बसे. क्लच सोडला की पोटातून ‘ठक्’ असा आवाज येई. गिअरचा दांडा फरशीच्या भोकाला घासू लागला. शहरातल्या एका गॅरेजात सांगितले, बॉडी संपली, भंगारात द्या. पुतण्याने भंगारवाल्याचा भावही काढून ठेवला. वहिनी बोलल्या काहीच नाहीत. जाऊन जीपवर एक जुनी सतरंजी तेवढी पांघरून आल्या.

गावच्या नाक्यावरचे म्हातारे मिस्त्री सहज म्हणून आले. ते जीपखाली सरपटत गेले, टॉर्च फिरवला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “गुरुजी, गाडीला काही झालं नाही. हाडावर हाड घासतंय. गुडघ्यातली गादी गेली म्हणून माणूस जाळायचा का?”

“पण मिस्त्री, पत्रा तडकलाय त्याचं काय?”

“तडकणारच. रबर मेलं की सगळा मार पत्र्यानं खायचा.”

त्यांनी काम हाती घेतले ते एखाद्या जुन्या वैद्याच्या धिमेपणाने. चार दिवस रोज सकाळी बोल्टांना नुसते तेल पाजले. एक बोल्ट तरीही मानेतच तुटला, तो गिरमिटाने काढावा लागला. बॉडी उचलण्यापूर्वी त्यांनी खाली-वर जोडलेले जे जे होते ते पाहून घेतले : स्टिअरिंगचा सांधा, रेडिएटरचे पाइप, पंख्याभोवतीची जागा, ब्रेकच्या नळ्या, तारा. “वरचं वर चाललं आणि खालचं खाली राहिलं, की मधलं तुटतं,” ते म्हणाले. मग एका बाजूचे बोल्ट काढले, दुसऱ्या बाजूचे सैल केले आणि जॅकवर लांब जाड फळी ठेवून बॉडी दोन बोटे उचलली. फळी नसती तर जॅक पत्र्यातून आरपार गेला असता. उचललेल्या बॉडीखाली लाकडी ठोकळे सरकवल्यावाचून त्यांनी हात आत घातला नाही.

जी चकती बाहेर आली ती शिळ्या भाकरीसारखी होती. कडा तडकलेल्या, मधोमध चपटी, दाबली तरी न दबणारी. नवी चकती शेजारी ठेवली तर उंचीने जवळजवळ दुप्पट. दोन जागी तर मूळ रबर नव्हतेच. कोणीतरी कधीकाळी टायरचे तुकडे कापून घातलेले होते. टायरच्या रबरात दोऱ्यांचे थर असतात, ते हवे तसे दबत नाही. शिवाय रबराचा एक स्वभाव आहे : ते दाबले म्हणजे आकसत नाही, बाजूला फुगते. फुगावयास जागा ठेवली तरच ते उशीचे काम करते. म्हणून खरी बैठक दोन चकत्यांची असते. एक बॉडीचा भार घेणारी, एक खालून बॉडीला धरून ठेवणारी, आणि दोहोंच्या मधून जाणारी लोखंडी नळी. बोल्ट नळीवर आवळला जातो, रबर ठरल्याहून अधिक चेंगरत नाही.

एका कोपऱ्यात बैठकीखालचा पत्राच गंजून चाळणी झाला होता. तो कापून नवा जाड तुकडा जोडल्याशिवाय मिस्त्रींनी तेथे चकती घातली नाही. कुजलेल्या भिंतीला नवा खुंटा ठोकण्यात अर्थ नाही, आणि अपघातात बॉडी चॅसीवर धरून ठेवतात ते हेच बोल्ट. साऱ्या चकत्या बसल्या, सारी भोके समोरासमोर आली, दारांच्या फटी डोळ्यांनी पारखून झाल्या, मगच एकामागून एक बोल्ट आवळले. काही दिवस गाडी फिरवून ते पुन्हा पाहावेत, असेही बजावले. वहिनींनी दार एका हाताने लावले. एकदाच खटका वाजला. पुतण्याने भंगारवाल्याला पुन्हा फोन केला नाही.

आज जुन्या गाड्यांचे दिवस कठीण आहेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या सेवेतून काढावयास लागल्या. खाजगी गाडीलाही पंधरा वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. धूर ओकणारे इंजिन रस्त्यावर नसावे, हे योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गाडीचे वय मोजावयाचे ते कोणत्या भागावरून, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे. चॅसीचे एक आयुष्य असते, पत्र्याचे दुसरे, रबराचे तिसरे. जो सर्वांचे धक्के सोसतो तोच सर्वांत आधी झिजतो, आणि तो झिजला की दोष मात्र इतरांच्या माथी येतो. कडब्याची पेंढी बदलली म्हणून कोणी बैलगाडी नवी म्हटली नाही, आणि पेंढी जुनी झाली म्हणून कोणी गाडी मोडीतही काढली नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत अंगणातली जुनी गाडी धुवावयास काढाल, तेव्हा मुलांना हाताशी घ्या. गुडघे टेकून, टॉर्च लावून दोन मिनिटे तिच्या पोटाखाली पाहा. दारांच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का, चकत्या फुगीर आहेत की चपट्या, कडेला तडे आहेत का, आणि बोल्टाभोवतीचा पत्रा बोटाने दाबला तर टणक लागतो का. एवढी चार उत्तरे मिळेपर्यंत भंगारवाल्याला भाव विचारू नये.