पन्नास वाव

आमच्या कोकणात समुद्राची खोली वावांनी मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, सुमारे सहा फूट. अरबीत त्याला बाअ म्हणतात, इंग्रजीत फॅदम. 1953 मध्ये ब्लांपँ या स्विस कंपनीने पाणबुड्यांसाठी घड्याळ काढले, त्याचे नावच 'फिफ्टी फॅदम्स'. पन्नास वाव, म्हणजे साधारण 91 मीटर.

कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्टर स्वतः हौशी पाणबुडे. एकदा पाण्याखाली त्यांचे वेळेचे भान सुटले, हवा संपली आणि ते कसेबसे वर आले. त्याच सुमारास फ्रेंच नौदलातले बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ शोधत होते. त्यांच्या गरजांपैकी एक होती: तबकडीभोवती फिरणारी कडी. बुडी मारताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. काटा जितका पुढे सरकेल तितकी मिनिटे गेली. पुढे ही कडी एकाच दिशेने फिरू लागली. धक्क्याने सरकली तरी ती वेळ जास्त गेल्याचेच दाखवते, कमी गेल्याचे नाही. चुकली तरी जीव वाचवणारी! मला त्या घड्याळातली हीच गोष्ट सर्वांत आवडते.

ही जुनी घड्याळे जमवणारे कित्येक जण पोहतही नसतील. ते बघतात तबकडीवरचे ठिपके. सुरुवातीला ते अंधारात चमकावेत म्हणून त्यांत रेडियम घालत, साठच्या दशकात ट्रिटियम आले. ट्रिटियमचा जोर सुमारे बारा वर्षांत निम्मा होतो. रेडियमचे उलटे आहे: चमक विझते, किरणोत्सर्ग मात्र शेकडो वर्षे उरतो, म्हणून तसले घड्याळ घरी उघडू नये. पिवळट पडलेला मूळ ठिपका नव्या पांढऱ्या ठिपक्यापेक्षा महाग जातो. हे मला फार उशिरा कळले.

माझे मामू मालवाहू जहाजावर खलाशी होते. त्यांचे सिकोचे घड्याळ, 150 मीटर लिहिलेले, त्यांच्या इंतकालानंतर मामींनी मला दिले. ठिपके तपकिरी, काच ओरखडलेली. ईदला नवे दिसावे म्हणून मी एका कारागिराकडून तबकडी रंगवून आणि केस घासून घेतली. मामींनी ते हातात घेतले, उलटून पाहिले, आणि विचारले, "त्यांचं कुठाय?"

जुनी तबकडी मागायला मी दुसऱ्याच दिवशी गेलो. तिच्यावरच रंग चढवला होता.