कडुनिंब की बकाण निंब? सावलीचं झाड असं ओळखा आणि लावा

बदनापूरसारख्या मराठवाड्यातल्या कमी पावसाच्या भागात बांधावर, रस्त्याकडेला सावली देणारं हक्काचं झाड म्हणजे कडुनिंब. पण त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बकाण निंबाची फळं विषारी असतात. त्यामुळे गुढीपाडव्याला पाला तोडण्याआधी फरक ओळखायला हवा.

कडुनिंबाच्या मुख्य देठावरच दातेरी पानांच्या जोड्या असतात. बकाणाच्या देठाला आधी फाटे फुटतात आणि पानं त्या फाट्यांवर येतात. कडुनिंबाची फुलं पांढरी, बकाणाची जांभळट.

कडुनिंबाच्या निंबोळ्या साधारण जून-जुलैमध्ये पिकतात. गर धुऊन बी सावलीत सुकवा आणि दोन आठवड्यांच्या आत पेरा. जुनं बी सहसा उगवत नाही. पाणी साचणारी जागा टाळा.